आम्ही गावी गेलो नव्हतो

बिब्बीला जाऊन आता चार महिने होतील. ती आमची कुत्री होती, अकरा वर्षांची, काळी. तिची मूत्रपिंडं निकामी होत गेली आणि ती गेली. एवढं दोन वाक्यांत सांगून होतं. उरलेलं लिहायला मला इतके दिवस लागले, कारण त्यात माझी एक चूक आहे आणि ती चूक लपवायची मला सवय झाली होती. ज्यांच्या घरात आत्ता एखादं जनावर आजारी आहे आणि त्याच्या उपचारांचा खर्च झेपेनासा झाला आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

मी नाहूरला आईबरोबर राहते. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. वडील गिरणीत होते, आता नाहीत. त्यांनी घेतलेली दोन खोल्यांची ही जागा आहे. एका शाळेच्या ग्रंथालयात मी एकोणीस वर्षं काम केलं, सगळी कंत्राटावर. बिब्बी तिथेच सापडली, नकाशे ठेवायच्या खोलीत, गुंडाळलेल्या आफ्रिका खंडाच्या मागे. पिशवीत घालून घरी आणली तेव्हा आई म्हणाली, "ह्या काय गो बिब्यासारख्या काळाकुट्ट हाडलंस?" नाव तेच पडलं.

दोन वर्षांपूर्वी शाळेने ग्रंथालयाच्या जागी संगणकांची खोली केली. माझं कंत्राट वाढलं नाही. तेव्हापासून घरी बसून गाइडांची मुद्रितं तपासते. पैसे मिळतात, पण कधी मिळतील ते प्रकाशकालाही माहीत नसतं.

*

एप्रिलमध्ये ती फार पाणी प्यायला लागली. उन्हाळा आहे म्हणून आम्ही भांडं मोठं ठेवलं. मग जेवण सोडायला लागली. मग तिच्या तोंडाला एक वास यायला लागला, गंजलेल्या डब्यासारखा. आई म्हणाली, "ह्या बरा नाय. दाखव तेका."

प्राण्यांचा दवाखाना आमच्या घरापासून पाच मिनिटांवर आहे, स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्याला. रक्त घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बोलावलं. डॉक्टर चाळिशीचे, कमी बोलणारे. कागद त्यांनी माझ्याकडे वळवून ठेवला आणि दोन आकड्यांवर पेन टेकवलं.

"मॅडम, किडन्या बऱ्याच गेल्यात. हे पूर्ण बरं होणार नाही. पण सलाईन नियमित गेलं, खाणं सांभाळलं, तर काही महिने ती चांगली राहू शकते."

मी कितीतरी प्रश्न विचारले. भात चालेल का, अंड्याचं पांढरं चालेल का, तिला दुखतं का, जिने चढवू की उचलून नेऊ. एकच प्रश्न विचारला नाही. खर्च किती येईल, हा प्रश्न तिच्यासमोर विचारणं मला बरं वाटेना. ती टेबलाखाली माझ्या पायावर हनुवटी ठेवून बसली होती. जणू तिला समजलं असतं.

दिवसाआड सलाईन ठरलं. सकाळी जायचं, दीड तास बसायचं. तिच्या पुढच्या पायाला पांढरी पट्टी आणि त्यातून थेंब थेंब. मी गाइडची मुद्रितं बरोबर नेत असे. आठवीच्या भूगोलाची पानं मी त्या बाकावर तपासली, शेजारी एक गृहस्थ पिंजऱ्यात आजारी पोपट घेऊन बसलेले असत आणि तो पोपट मधूनच गुजरातीत कोणाला तरी जेवायला बोलवत असे.

काउंटर आणि औषधं सांभाळणारी प्रज्ञा बिब्बीची लाडकी झाली. "आली का आमची सावळी हिरॉईन?" असं ती दारातून ओरडायची आणि खिशातून अर्धं बिस्किट काढायची. दवाखान्याच्या नावाने कुत्री थरथरतात. आमची मात्र प्रज्ञाचा आवाज ऐकला की पट्टा ओढत पुढे जायची.

मी प्रत्येक वेळी पैसे देत होते, वेळेवर, हसऱ्या चेहऱ्याने. तिसऱ्या आठवड्यात पोस्टातली ठेव मोडली.

*

माझा भाऊ बोरीवलीला असतो. त्याला दोन मुलं, घराचे हप्ते. तो वाईट माणूस नाही, हे आधी लिहून ठेवते, कारण त्याचं बोलणं वाचून तसं वाटेल.

"सुमे, अकरा वर्षं जगली ना? कुत्र्याला अकरा म्हणजे खूप झाली."

"मग काय करू दादा? बघत बसू?"

"बघत बस असं नाही म्हणत. पण तू कमावतेस किती, आणि घालवतेस कशावर? आईच्या डोळ्यांचे थेंब मी देतोय. ते मी देतच राहीन. पण कुत्र्यासाठी माझ्याकडे मागू नको."

"मी मागितले का?"

"नाही मागितलेस," तो म्हणाला. "म्हणून तर मीच बोललो."

आईच्या दोन्ही डोळ्यांत काचबिंदू आहे. रोज रात्री थेंब घालायचे, आयुष्यभर. ती ते स्वतःच घालते, कोणाला हात लावू देत नाही. भाऊ दर महिन्याला थेंबांचे पैसे तिच्याच हातात देतो आणि ती खाली जाऊन बाटली घेऊन येते.

त्या फोननंतरच्या रविवारी आईने माझ्या हातात काही नोटा ठेवल्या. "भजनाच्या बायकांची भिशी लागली," म्हणाली. मी घेतल्या. बिब्बीच्या सलाईनच्या दोन वेळा निघाल्या. मला तेव्हा फक्त हलकं वाटलं.

*

मग ते पैसेही संपले. मे सुरू झाला होता. सकाळी प्रज्ञाने विचारलं, "परवा नेहमीच्या वेळेला ना?" आणि मी म्हणाले, "नाही गं, आम्ही गावी जातोय."

हे वाक्य मी ठरवलं नव्हतं. आम्हा कोकणातल्या माणसांना मे महिन्यात कोणी पुढचा प्रश्न विचारत नाही. शाळेत, बँकेत, सोसायटीत, कुठेही सांगा, गावी जातोय, समोरचा मान डोलावतो. माझ्या तोंडून ते इतकं सहज निघालं की मलाच क्षणभर खरं वाटलं. गावच्या घराला आमच्या वाटणीची एक पडवी आहे आणि सात वर्षांत आम्ही तिचं कुलूप उघडलेलं नाही.

"हिला घेऊन?" प्रज्ञाने विचारलं.

"हो. तिथे एक जण आहे, सलाईन लावणारा."

"मग बरंय. किती दिवस?"

"बारा-पंधरा."

"येताना कोकमाचं आगळ आणाल? सासूबाईंना पित्ताचा फार त्रास आहे. घरचं आगळ वेगळंच असतं ना."

"आणते की," मी म्हणाले.

आतून डॉक्टरांनी मान बाहेर काढली आणि प्रवासात पाणी भरपूर द्या, असं सांगितलं.

*

ते बारा दिवस मी मोजलेले आहेत.

गोळ्या होत्या त्या दिवसाआड दिल्या, म्हणजे पुरतील. इंटरनेटवर वाचून जवाचं पाणी पाजलं. ती पहिले चार दिवस बरी होती आणि मला वाटलं, बघ, नाही लावलं तरी चालतंय. पाचव्या दिवशी उलटी झाली. सातव्या दिवसापासून ती भिंतीला डोकं टेकवून बसायला लागली.

आम्ही गावी होतो, म्हणून मी स्टेशनच्या रस्त्याने जाऊ शकत नव्हते. तिला फिरायला मागच्या गल्लीने, कारखान्याच्या भिंतीच्या कडेने नेत असे. गल्लीच्या तोंडाशी आलो की ती उजवीकडे ओढायची, दवाखान्याकडे. तिच्यात जोर राहिला नव्हता, तरी ओढायची. मी पट्टा डावीकडे खेचायचे. हे मी रोज दोन वेळा केलं. मला जे आठवतं आणि जागं ठेवतं ते तिचं शेवटचं दुखणं नाही, हे आहे.

नवव्या दिवशी भाजीबाजारात प्रज्ञा दिसली. मी नारळवाल्याच्या ढिगामागे वळून उभी राहिले, पन्नाशी ओलांडलेली बाई, हातात कोथिंबीर घेऊन.

अकराव्या दिवशी मुद्रितं द्यायला मुलुंडला गेले होते. तिथल्या कोकणी मालाच्या दुकानातून आगळाची बाटली घेतली. घरी आल्यावर कोमट पाण्यात भिजवून तिचं लेबल खरवडून काढलं. बिब्बी दोन हात अंतरावर भिंतीकडे तोंड करून बसलेली आणि मी मोरीत बसून बाटलीचं लेबल काढते आहे. त्या बाटलीच्या पैशांत तिची निम्मी औषधं आली असती, हे मला बाटली पुसताना सुचलं.

*

बाराव्या दिवशी फ्रिजमध्ये ताकाचं भांडं ठेवताना आईच्या थेंबांची बाटली हाताला लागली. ग्रंथालयाची सवय, मी प्रत्येक बाटलीवर उघडल्याची तारीख लिहिते. ते थेंब एकदा उघडले की महिन्याने टाकायचे असतात. या बाटलीवर माझ्या अक्षरात मार्चमधली तारीख होती, आणि बाटली अजून हलवली की वाजत होती.

"आई, नवी बाटली कुठे आहे?"

"हीच चालता."

"ही दोन महिने कशी चालली? महिन्यात संपते ना?"

आई तांदूळ निवडत होती. ताटावरून मान वर केली नाही. "एकाच डोळ्यात घालतंय."

"काय?"

"ह्यो उजवो जरा बरो आसा. तेच्यात घालतंय. म्हातारेक दोन डोळे कित्याक होये?"

म्हणजे भिशी नव्हती. मी खाली बसले. काहीतरी ओरडलेही असेन, कारण बिब्बीने भिंतीपासून डोकं काढून आमच्याकडे पाहिलं.

"माझ्यार ओराडतंस?" आई म्हणाली. आता तिचाही आवाज चढला होता. "बारा दिवस झाले, ह्या पॉर दवाखान्यात जावक नाय. माका दिसना नाय काय? एका डोळ्यान पन दिसता! लाज वाटता तर माका पाठव. मी सांगतंय तेंका, पैशे नाय म्हणान."

"तू काही सांगू नकोस."

"मगे तू सांग. आजच्या आज."

काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही. पुढच्या तपासणीत तिच्या डाव्या डोळ्याचं किती गेलं ते कळलं. जास्त नाही, पण गेलं. भावाला मी ते स्वतः फोन करून सांगितलं. तो फक्त "बाटली आता मी आणून देत जाईन" एवढंच म्हणाला.

*

संध्याकाळी मी बिब्बीला उचलून घेऊन गेले. दुसऱ्या हातात ती आगळाची बाटली होती. का नेली ते मला आजही सांगता येत नाही. हातात काही असावं म्हणून.

प्रज्ञाने बिब्बीला पाहिलं आणि तिचा चेहरा बदलला. मी काउंटरवर बाटली ठेवली. तिने ती गळते का म्हणून उलटी केली. बुडाला दुकानाचा छोटा गोल स्टिकर चिकटलेला होता.

"हे मुलुंडचं आहे ना?" ती म्हणाली. "आम्ही पण तिथूनच घेतो."

"आम्ही गावी गेलो नव्हतो," मी म्हणाले. "माझ्याकडे पैसे नव्हते."

बाकावर दोन माणसं होती. त्यांनी ऐकलं. मला वाटलं होतं तसं काही झालं नाही. एकाने सरकून जागा केली.

प्रज्ञा म्हणाली, "गावी जायला पण पैसे लागतातच की, मॅडम. मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं." आणि काउंटरच्या बाहेर येऊन तिने बिब्बीला माझ्या हातातून घेतलं.

डॉक्टरांनी तिला तपासलं, सलाईन लावलं, मग माझ्यासमोर बसले. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

"तुम्ही दर वेळी पैसे देत होता. मला वाटलं, चाललंय. मी पण विचारलं नाही." मग म्हणाले, "हे सलाईन कातडीखाली घरी देता येतं. अर्ध्या तासात शिकवलं असतं. पहिल्याच आठवड्यात."

"मला माहीत नव्हतं."

"तुम्हाला कसं माहीत असणार? नाही परवडत म्हणालात तरच मी दुसरा रस्ता सांगणार ना."

त्यांनी जुनी चिठ्ठी मागून घेतली आणि तिच्यावर पेन चालवलं. हे ठेवा. हे बंद केलं तरी चालेल. याच्याऐवजी हे साधं घ्या, माणसांच्या औषधाच्या दुकानात मिळतं. सात ओळींच्या तीन झाल्या. तपासण्या दर आठवड्याऐवजी लागेल तेव्हा. ती चिठ्ठी अजून माझ्याकडे आहे. कोणी मला विचारलं की डॉक्टरांना नेमकं काय म्हणायचं, तर मी तेच सांगते: माझ्याकडे महिन्याला इतकेच आहेत, यात काय होऊ शकतं? हे वाक्य मी तोपर्यंत कधीच उच्चारलं नव्हतं.

*

पुढचे सात आठवडे आम्ही घरी सलाईन दिलं. पहिल्या दिवशी सुई माझ्याच बोटात गेली. आई म्हणाली, "शिरड्यांक टोचतत तसा टोच. भियाव नको." आईच्या माहेरी शेरडं होती. मानेमागची कातडी चिमटीत धरून तंबूसारखी उचलायची, सुई तिरकी घालायची. बाटली खिडकीच्या गजाला. पाणी आत जायला लागलं की तिच्या खांद्यावर उंटासारखा उंचवटा यायचा आणि दुपारपर्यंत तो हळूहळू पायाकडे उतरायचा. आई त्या उंचवट्यावर हात ठेवून बसायची आणि तिला गावातल्या माणसांच्या कागाळ्या सांगायची. बिब्बी ऐकायची. निदान कान हलवायची.

त्या आठवड्यांत चांगले दिवस होते. एकदा तिने आईच्या ताटातली सुरमईची तुकडी पळवली, जी तिला अजिबात चालणार नव्हती, आणि आम्ही दोघी तिला रागवायचं सोडून हसत बसलो. एकदा ती आपण होऊन जिना उतरली. प्रज्ञा दर शनिवारी दवाखाना बंद करून येताना वर डोकावून जायची, अर्धं बिस्किट घेऊन.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात तिने पाणीही सोडलं. मी दवाखान्यात गेले. डॉक्टर म्हणाले, "शहरात दोन-तीन ठिकाणी कुत्र्यांचं डायलिसिस होतं. तुम्हाला माहीत असावं म्हणून सांगतो."

"नाही परवडणार," मी म्हणाले. आवाज नेहमीसारखाच निघाला. "तिला आता त्रास होऊ नये एवढंच बघा."

ते दुसऱ्या दिवशी दुपारी, दवाखाना आटोपून घरी आले. बिब्बी आईच्या मांडीवर डोकं ठेवून होती. त्यांनी आधी गुंगीचं दिलं, मग थोडा वेळ थांबले. आई तिच्या कानामागे खाजवत म्हणाली, "जा गो बाय माझे. आमी आसव हयसर." दुसरं इंजेक्शन कधी झालं ते मला कळलंही नाही. आईला कळलं. तिचा हात थांबला.

डॉक्टर सामान आवरत होते तेव्हा मी विचारलं, "ते बारा दिवस मी तुमच्याकडे आले असते, तर ती अजून किती जगली असती?"

नाही हो, काही फरक पडला नसता, असं म्हणणं त्यांना सोपं होतं.

"थोडी जास्त," ते म्हणाले. "किती ते मला नाही सांगता येणार."

आई त्यांना म्हणाली, "बरा केलास बाबा, खरा सांगलंस."

मीही आता तसंच म्हणते, पण तेव्हा म्हणू शकले नव्हते. ते 'थोडी' म्हणजे नऊ दिवस की दोन महिने, हे मला कधीच कळणार नाही. पोटात अन्न जातं, कामं होतात, पण ते 'थोडी' तसंच आहे. ते जाईल असं सांगणारी माणसं भेटतात. मला त्यांचं खरं वाटत नाही, आणि ते जावं असंही वाटत नाही.

तुम्ही आत्ता तुमच्या अशाच दिवसांत असाल, काहीतरी कारण सांगून दवाखाना टाळत असाल, दुसऱ्या रस्त्याने फिरत असाल, तर मी तुमच्यापेक्षा वेगळी नव्हते. पण एवढं वाचून बसून राहू नका. संध्याकाळचे दवाखाने सहसा आठपर्यंत उघडे असतात. चप्पल घाला.